डायनोवर 8.4, ट्रॅकवर 6.9 : सुपरचार्जरचा बूस्ट गेला कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 1.6 लीटरच्या पेट्रोल गाडीवर तुम्ही बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, बसवून घेतला. डिसेंबरमध्ये पुण्यात डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) 6,600 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, 8.4 पीएसआय बूस्टची (वातावरणापेक्षा जास्तीच्या दाबाची) नोंद झाली, आणि मार्चमध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोबाइलमधल्या ॲपने दिवसभरात 6.9 च्या वर आकडा दाखवलाच नाही. नागपूरला परतल्यावर एका मेकॅनिकने बेल्ट घसरत असल्याचे सांगितले, दुसऱ्याने सुपरचार्जरला लहान पुली (बेल्टचे चाक) बसवण्याचा सल्ला दिला, आणि तुमच्या मित्राच्या मते डायनोवाल्यानेच आकडा फुगवून दिला. या तिघांपैकी खरे कोण, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज असा की तिघेही चुकत आहेत आणि तुमच्या सुपरचार्जरला बहुधा काहीही झालेले नाही. तुम्ही दोन आकड्यांची तुलना केली आहे, पण ते दोन आकडे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या आरपीएमला आणि वेगवेगळ्या उपकरणांनी घेतलेले आहेत. म्हणून 1.5 पीएसआयचा फरक कुठे गेला हे शोधण्याआधी, यंत्रणा पूर्ण निरोगी असताना किती फरक पडायला हवा होता, हे आधी काढावे लागेल. नागपुरात डायनोची सोय नसल्यासारखीच असल्याने माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे डायनो पुण्यात किंवा मुंबईत होतात आणि पुढचे ट्यूनिंग इथल्या हवेत करावे लागते. त्यामुळे हा हिशेब मला नेहमीच मांडावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे बूस्ट हे हवेचे माप नाही. बंधाऱ्यामागची पाण्याची पातळी पाहून नदीला पाणी किती आले हे सांगता येत नाही, कारण पाणी वाढले तरी पातळी चढते आणि दरवाजे अडकले तरीही चढते. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाबही असाच आहे. सुपरचार्जर जितकी हवा ढकलतो आणि इंजिन जितकी गिळते, त्यांचा मेळ ज्या दाबाला बसतो तो दाब गेजवर दिसतो. चांगला हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवून आणि सायलेन्सरमधला अडथळा कमी करून इंजिनची ताकद वाढवलेल्या गाडीत बूस्ट उतरलेला दिसतो, आणि मालक घाबरून फोन करतो. प्रत्यक्षात इंजिन जास्त हवा घेत असते, म्हणून ती मागे साचत नाही.

दुसरी गोष्ट टर्बोच्या अनुभवातून आलेल्या एका समजुतीची आहे. ट्रॅकवर इंजिनवर लोड जास्त असतो, त्यामुळे तिथे बूस्ट जास्तच यायला हवा, असे तुम्ही लिहिले आहे. टर्बोच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरतो आणि त्याला वेग धरायला लोड आणि वेळ दोन्ही लागतात. हलक्या रोलरच्या डायनोवर टर्बो गाडीचा बूस्ट पूर्ण न चढणे ही नेहमीची तक्रार आहे. तुमचा सुपरचार्जर मात्र क्रँकच्या पुलीला बांधलेला आहे. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) पूर्ण उघडा असेल आणि बेल्ट घसरत नसेल, तर 6,000 आरपीएमला त्याचा पंखा ठरावीक वेगानेच फिरणार, मग गाडी रोलरवर असो, सरळ रस्त्यावर असो की चढावर. लोड जास्त आहे म्हणून त्याला अधिक दाब देता येत नाही. तुमच्या प्रकरणात लोड बाजूला ठेवून आरपीएम आणि हवा यांच्याकडेच पाहावे लागेल.

आधी हवेचा दाब घेऊ. सुपरचार्जर हा गुणाकार करणारा यंत्रभाग आहे. आत येणाऱ्या हवेचा दाब तो अमुक पटीने वाढवतो, आणि बाहेरचा दाब वजा केल्यावर जे उरते त्याला आपण बूस्ट म्हणतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे, त्यामुळे तिथे वातावरणाचा दाब साधारण 948 मिलिबार, म्हणजे 13.75 पीएसआय असतो. आपले नागपूर 310 मीटरच्या आसपास आहे आणि इथे ऋतूनुसार 970 ते 980 मिलिबार मिळतो. चेन्नईचा ट्रॅक जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्याने तिथे 1,010 मिलिबार, म्हणजे 14.65 पीएसआय धरायला हरकत नाही. पुण्यात 8.4 पीएसआय बूस्ट होता, याचा अर्थ तुमचा सुपरचार्जर आत येणाऱ्या हवेच्या दाबाच्या 1.61 पट दाब देत होता. तेच 1.61 चेन्नईच्या हवेला लावले तर बूस्ट 8.9 यायला हवा. म्हणजे उंचीचा परिणाम तुमच्या तक्रारीच्या उलट दिशेला आहे आणि हिशेबात 1.5 ऐवजी 2 पीएसआयचे उत्तर द्यावे लागणार आहे.

इथे डायनोच्या कागदाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण तुमच्या मित्राचा संशय तिथूनच आलेला दिसतो. डायनोवर मोजलेली अश्वशक्ती एका प्रमाणित हवेसाठी सुधारून छापली जाते. एसएई जे1349 या मानकात ती हवा 25 अंश सेल्सिअस आणि 990 मिलिबारची आहे, तर जुन्या 'एसटीडी' पद्धतीत 15.5 अंश आणि 1,013 मिलिबारची. पुण्याच्या उंचीवर पहिल्या मानकाचा गुणकसुद्धा सहज पाच-सहा टक्के भर घालतो आणि दुसरे मानक निवडले तर आकडा आणखी देखणा होतो. मात्र हा गुणक फक्त शक्ती आणि टॉर्कला लागतो. बूस्टची रेषा जशी मोजली तशीच छापलेली असते. तेव्हा डायनोवाल्याने अश्वशक्तीसाठी कोणते मानक निवडले हे जरूर विचारा, पण 8.4 फुगवल्याचा आरोप त्याच्यावर करू नका.

आता आरपीएम. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिला आहे : नवीन इंजिनकाम असल्यामुळे ट्रॅकवर तुम्ही साधारण 6,200 ला गिअर बदलत होता. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा दाब आरपीएमच्या प्रमाणात वाढत नाही, तो जवळपास आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6,600 च्या जागी 6,200 म्हणजे आरपीएम केवळ सहा टक्क्यांनी कमी, पण दाब वाढवण्याची क्षमता बारा टक्क्यांनी कमी. चेन्नईच्या हवेतला 8.9 एवढ्यानेच 7.7 वर येतो. डायनोवर चौथ्या गिअरमध्ये गाडी थेट लाल रेषेपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत, नेली जाते, आणि सेंट्रिफ्यूगलचा कमाल बूस्ट त्या शेवटच्या क्षणापुरताच असतो. ट्रॅकवर गाडी त्या क्षणाला क्वचितच पोहोचते. म्हणून 'दिवसभरातला सर्वांत मोठा आकडा' आणि 'डायनोवरचा सर्वांत मोठा आकडा' यांची तुलना मी कधीच करत नाही. तुलना करायची तर दोन्हीकडचा 5,000 चा बूस्ट, 5,500 चा बूस्ट आणि 6,000 चा बूस्ट समोरासमोर ठेवावा. तुमच्याकडे डायनोचा आलेख आहेच. त्यावर पट्टी ठेवून 6,200 ला काय होते ते वाचा, म्हणजे माझा हिशेब बरोबर की चूक हे पाच मिनिटांत कळेल.

यानंतर तापमान. नागपूरकराला उन्हाबद्दल काही सांगायची गरज नाही, पण सुपरचार्जरवर त्याचा परिणाम दोन वेगळ्या वाटांनी होतो आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली वाट अशी की गरम हवा विरळ असते. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांच्या हवेत दर लीटरमागे जवळपास दहा टक्के कमी वजन असते, आणि इंजिनला उपयोग वजनाचा आहे. दुसरी वाट फक्त सेंट्रिफ्यूगलची. त्याचा पंखा हवेला वेग देतो आणि त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. हवा जितकी गरम, तितकी तेवढ्याच वेगातून मिळणारी पट कमी. नुसते तापमान 15 वरून 45 अंशांवर गेले आणि बाकी काहीही बदलले नाही, तर 1.6 ची पट 1.53 वर येते. नागपूरच्या दाबाला हा फरक 8.5 आणि 7.6 पीएसआय इतका होतो. जानेवारीत समाधानी असलेला गिऱ्हाईक नवतप्यात 'बूस्ट कमी झाला' म्हणून परत येतो तो यामुळे, आणि त्याच्या गाडीचा बेल्ट मी उगीच बदलत नाही.

तुम्ही ट्रॅकवरचे इनटेकचे तापमान दिलेले नाही, आणि या उत्तरातला सर्वांत मोठा 'जर' तोच आहे. तुमच्या फोटोत उघडा कोन फिल्टर रेडिएटरच्या मागे, बॉनेटखालीच दिसतो, आणि त्याला गरम हवेपासून वेगळे करणारा पत्रा नाही. डायनोवर बॉनेट उघडे होते, समोर मोठा पंखा होता, डिसेंबरची सकाळ होती, आणि दोन रनमध्ये गाडी थंड व्हायला वेळ मिळत होता. तिथे फिल्टरला 22 अंशांची हवा मिळाली असे धरू. ट्रॅकवर बॉनेट बंद, रेडिएटरमधून आलेली गरम हवा सरळ फिल्टरवर, आणि फेरीमागून फेरी. बाहेर 34 अंश असताना अशा मांडणीत फिल्टरपाशी 45 ते 50 अंश मिळणे यात मला काहीच विशेष वाटत नाही. 47 धरले तर आपला 7.7 आणखी उतरून 7.0 च्या आसपास येतो. याच हवेतून सुपरचार्जर पुढे जे बाहेर टाकतो ते इंटरकूलरच्या (ती हवा गार करणाऱ्या जाळीच्या) आधी 100 अंशांच्या घरात असते, हेही लक्षात असू द्या. पुण्यात तेच 80 च्या थोडे वर असावे.

याच ओघात एक सूचना. आपल्याकडे काही गॅरेजांत रीडिंग घेताना गाडीच्या तोंडाशी खसाच्या ताट्यांचा कूलर लावतात. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत कूलर तापमान झपाट्याने खाली आणतो आणि बूस्ट लगेच सुधारलेला दिसतो, पण त्या हवेत वाफ भरलेली असते आणि वाफेने ऑक्सिजनची जागा घेतलेली असते. शिवाय कूलर काही गाडीबरोबर रस्त्यावर येत नाही. असे रीडिंग कागदावर छान दिसते, ट्यूनिंगसाठी मात्र मी ते विचारात घेत नाही.

ज्यांच्याकडे रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर आहे, उदाहरणार्थ ऑडीचे जुने 3.0 टीएफएसआय इंजिन किंवा जॅग्वार-लँड रोव्हरचे 5.0 लीटर व्ही8, त्यांना उलट अनुभव येईल, म्हणून इथे थोडे थांबतो. हा प्रकार प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा पुढे ढकलतो. इंजिनसुद्धा प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा घेते. त्यामुळे मॅनिफोल्डमधली हवा तापली की ती फुगते, तेवढ्याच जागेत मावण्यासाठी तिचा दाब वाढतो, आणि गेजचा काटा वर जातो. समजा इंटरकूलरनंतर 60 अंशांची हवा 1.6 पटीचा दाब देत होती आणि सलग काही फेऱ्यांनंतर इंटरकूलरचे पाणी तापून ती 80 अंशांची झाली. कागदावर पट 1.6 वरून 1.7 च्या जवळ जाते, म्हणजे नागपूरच्या दाबाला 8.5 चा 9.9 पीएसआय. रोटरच्या फटींतून होणाऱ्या गळतीमुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते, पण दिशा तीच राहते. अशा गाडीचा मालक ट्रॅकवरून आनंदाने सांगतो की डायनोपेक्षा एक पीएसआय जास्त मिळाला, आणि लॉग (रीडिंगांची नोंद) उघडला की दिसते की हवेचे वजन वाढलेले नाही, ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी स्फोट, टाळण्यासाठी इग्निशन मागे खेचलेले आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली आहे, आणि गाडी सरळ रस्त्यावर पूर्वीपेक्षा हळू आहे. कमी बूस्टपेक्षा या वाढलेल्या बूस्टची मला जास्त काळजी वाटते.

पुन्हा तुमच्या गाडीकडे वळू. तुमच्या फोटोत डायनोची बूस्ट मोजणारी लाल नळी सुपरचार्जरमधून हवा बाहेर पडते त्या पाइपवर, इंटरकूलरच्या आधी, टी-जोड लावून बसवलेली स्पष्ट दिसते. मोबाइलचे ॲप मात्र ईसीयूकडून आकडा घेते आणि ईसीयूचा सेन्सर मॅनिफोल्डवर आहे. या दोन जागांमध्ये इंटरकूलर, दोन बेंड, सिलिकॉनचे जोड आणि थ्रॉटल आहे. या मार्गात दाब पडतोच. चांगल्या इंटरकूलरमध्ये तो अर्ध्या पीएसआयच्या आसपास असतो, स्वस्त किंवा लहान इंटरकूलरमध्ये एक-दीडपर्यंतही जातो. तुमचा इंटरकूलर बऱ्यापैकी आहे असे मानून मी अर्धा धरतो. हा फरक डायनोवरही तितकाच होता, फक्त तिथे तो कुणी मोजला नाही. पुढच्या वेळी डायनोवाल्याला नळी मॅनिफोल्डवरच लावायला सांगा. दोन्ही ठिकाणी लावू शकलात तर फारच उत्तम, कारण इंटरकूलर किती दाब खातो हे तुम्हाला कायमचे कळेल.

ॲपबद्दल दोन शंका आहेत. ओबीडीच्या (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटच्या) प्रमाणित मापदंडात मॅनिफोल्डचा दाब निरपेक्ष स्वरूपात, पूर्ण किलोपास्कलमध्ये येतो आणि 255 च्या वर जातच नाही. तुमच्या बूस्टला ती मर्यादा आड येत नाही, पण त्या दाबातून वातावरणाचा दाब वजा करून बूस्ट काढण्याचे काम ॲप करते. अनेक ॲपे तिथे गाडीचा बॅरोमीटर न वाचता सरसकट 101.3 किलोपास्कल, म्हणजे 14.7 पीएसआय वजा करतात. चेन्नईत याने फारसे बिघडत नाही. नागपुरात मात्र अर्धा पीएसआय आणि पुण्यात जवळपास एक पीएसआय बूस्ट कारण नसताना कमी दिसतो. तपासणी सोपी आहे : इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि ॲपमधला बूस्ट पाहा. तो शून्याऐवजी उणे अर्धा दाखवत असेल तर ॲपच चुकीचे वजा करत आहे.

दुसरी शंका वेगाची. ब्लूटूथचे स्वस्त ओबीडी यंत्र सेकंदाला मोजकीच रीडिंग आणते आणि तुम्ही पाच-सहा गोष्टी एकदम मागितल्या की प्रत्येकीच्या वाट्याला सेकंदाला एक-दोन येतात. दुसऱ्या गिअरमध्ये तुमची गाडी 5,000 वरून 6,200 ला एक-दीड सेकंदात पोहोचत असेल. म्हणजे सर्वोच्च क्षण दोन रीडिंगांच्या मधोमध निसटून जाणे अगदी शक्य आहे. शिवाय आरपीएम आणि दाब ही दोन रीडिंग वेगवेगळ्या क्षणांची असतात, त्यामुळे ॲपने काढलेल्या आलेखावर बूस्ट आरपीएमच्या मागे रेंगाळल्यासारखा दिसतो. निष्कर्ष काढायचाच असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधल्या लांब पट्ट्यांवरून काढावा आणि ॲपवर फक्त दाब, आरपीएम आणि इनटेकचे तापमान एवढेच चालू ठेवावे.

वाऱ्याच्या दाबाने ट्रॅकवर बूस्ट वाढतो का, असाही तुमचा एक उपप्रश्न आहे. वाढतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने गाडीच्या वेगांना तो नगण्य असतो. ताशी 160 किलोमीटरला वाऱ्याचा सगळाच्या सगळा दाब पकडला तरी तो 0.17 पीएसआय होतो, आणि बॉनेटखालच्या फिल्टरला तो पकडताच येत नाही. कावासाकीच्या निंजा एच2आर या सुपरचार्जरवाल्या मोटरसायकलसाठी कंपनी स्वतःच दोन आकडे देते, 310 पीएस आणि रॅम एअरसह (वाऱ्याचा दाब पकडून) 326 पीएस. पण तिथे हवेचे तोंड थेट वाऱ्यासमोर आहे आणि ताशी 300 किलोमीटरला वाऱ्याचा दाब 0.6 पीएसआयपर्यंत पोहोचतो. तुमच्या हिशेबात मी यासाठी काहीच धरत नाही.

सगळे एकत्र केले की चित्र असे होते : पुण्यातला 8.4 चेन्नईच्या दाबाला 8.9, गिअर 6,200 ला बदलल्यामुळे 7.7, गरम इनटेकमुळे 7.0, आणि मॅनिफोल्डवर मोजल्यामुळे 6.5. तुमच्या ॲपने 6.9 दाखवला. यातली तापमान आणि इंटरकूलर ही दोन गृहीतके माझी आहेत. ती थोडी इकडे-तिकडे केली की उत्तर अर्ध्या पीएसआयने हलते, म्हणून 6.5 आणि 6.9 मधल्या फरकाला मी अर्थ लावणार नाही. पण कोणताही बिघाड न धरता हिशेब तुमच्या आकड्याच्या खालीच येतो, तेव्हा बेल्ट घसरतो असे म्हणायला सध्या आधार नाही.

तरीही बेल्ट घसरण्याची शक्यता मी मोडीत काढत नाही, कारण ट्रॅकवर तो डायनोपेक्षा जास्त घसरू शकतो. डायनोवर आरपीएम संथपणे चढते. ट्रॅकवर झटक्यात गिअर बदलताना इंजिनचा वेग एकदम पडतो आणि पुन्हा चढतो, तर सुपरचार्जरचा पंखा आणि त्याचे गिअर आपल्याच जोराने फिरत राहू पाहतात. त्या क्षणी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) उडतो आणि बेल्टची पकड सुटते. तुमच्या आकाराच्या इंजिनवर सुपरचार्जर फिरवायलाच वरच्या आरपीएमला दहा-बारा अश्वशक्ती लागते, आणि ती सगळी त्या बेल्टमधूनच जाते. घसरण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पुलीच्या आजूबाजूला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी बसते, बेल्टच्या आतल्या धारा चकचकीत होतात, आणि लॉगमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा असताना आरपीएम चढत राहते पण बूस्ट एका जागी थबकतो किंवा खाली वळतो. ही शेवटची खूण सर्वांत भरवशाची, कारण सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट लाल रेषेपर्यंत चढतच राहायला हवा. मात्र धुळीने भरलेला फिल्टर किंवा आत ओढली जाणारी मऊ इनटेक नळी यांनीही अशीच सपाट रेषा येते. आपल्या रस्त्यांची धूळ पाहता मी आधी फिल्टर काढून एक रन घेतो आणि मगच बेल्टकडे वळतो. फिल्टरशिवाय ती एक रन स्वच्छ जागी घ्यावी, ट्रॅकवर नाही.

थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याची खात्रीही लॉगमधूनच करून घ्या. हल्लीच्या गाड्यांत पाय पूर्ण दाबला तरी ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ईसीयूची टॉर्कची मर्यादा थ्रॉटल अर्धवट मिटवू शकते, आणि मग बायपास व्हॉल्व्हही (जास्तीची हवा मागे सोडणारी झडप) थोडा उघडतो. डायनोवर हे सहसा बंद करून ठेवलेले असते, वळणातून बाहेर पडताना मात्र ते हमखास जागे होते.

लहान पुलीला माझा सध्या स्पष्ट विरोध आहे. पुली लहान केली की बेल्टचा तिच्यावरचा वेढा कमी होतो, खेचावी लागणारी शक्ती वाढते, म्हणजे आज न घसरणारा बेल्ट उद्या घसरेल. हवा आणखी तापेल, आणि पुण्याच्या थंडीत 8.4 साठी बसवलेले पेट्रोल आणि इग्निशनचे नकाशे (ईसीयूमधले तक्ते) जानेवारीतल्या एखाद्या सकाळी नागपुरातच 9.5 ला सामोरे जातील. तोच पैसा फिल्टरभोवती पत्र्याची पेटी आणि बंपरमधून थंड हवा आणणारी नळी यांवर घाला. त्याने बूस्ट फार तर अर्धा-पाऊण पीएसआय वाढेल, पण हवेचे वजनही वाढेल आणि इग्निशन मागे जाणार नाही.

त्यानंतरची चाचणी समृद्धी महामार्गावर करू नका. तिथे ताशी 120 ची मर्यादा आहे आणि चौथ्या गिअरची लाल रेषा तिच्या कितीतरी पलीकडे आहे. पुढच्या ट्रॅक डेला तिसऱ्या गिअरमध्ये 3,000 पासून लाल रेषेच्या थोडे अलीकडेपर्यंत एक सलग रन घ्या, एक सकाळी पहिल्या फेरीत आणि एक गाडी पूर्ण तापल्यावर. आरपीएम, थ्रॉटलची टक्केवारी, मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब आणि इनटेकचे तापमान एवढे चार रकाने असलेली फाइल, त्या दिवशी चावी फिरवल्यावर दिसलेला बॅरोमीटरचा आकडा, आणि बेल्टच्या आतल्या बाजूचा जवळून काढलेला एक फोटो पाठवा. थंड रनमध्ये बूस्ट चढत जात असेल आणि तापलेल्या रनमध्ये सगळीकडे सारखाच खाली आलेला असेल तर गोष्ट उन्हाची आहे. तापलेल्या रनमध्ये फक्त 5,500 च्या पुढे रेषा वाकत असेल, तर बेल्ट आणि टेन्शनर उघडूनच बोलू.